जॉर्ज फ्रीडेल

जॉर्ज फ्रीडेल (जन्म : मुलूझ, १९ जुलै १८६५, मृत्यू : स्ट्रासबर्ग, ११ डिसेंबर १९३३) हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ व स्फटिकशास्त्रज्ञ होते. जुळ्या स्फटिकांचा (यमलनाचा) जालकावर आधारित सिद्धान्त, क्ष-किरण विवर्तनातील सममितीविषयीचा ‘फ्रीडेलचा नियम’ आणि द्रव स्फटिकांचे नेमॅटिक, स्मेक्टिक व कोलेस्टेरिक असे वर्गीकरण ही त्यांची प्रमुख कामे होत. फ्रीडेल–क्राफ्ट्स विक्रियेमुळे प्रसिद्ध असलेले रसायनशास्त्रज्ञ शार्ल फ्रीडेल हे त्यांचे वडील.

फ्रीडेल यांचे बहुतेक संशोधन खनिजांवर झाले. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या अंतरंगात पाहता येऊ लागण्यापूर्वीच त्यांनी यमलनाची उपपत्ती मांडली. त्यासाठी त्यांच्याजवळ कोनमापक, ध्रुवण सूक्ष्मदर्शक आणि भूमिती एवढीच साधने होती. प्रथिनांच्या रेणूंची त्रिमितीय संरचना ठरवताना आज यमलित स्फटिक आढळला, तर त्याचे निदान व वर्गीकरण याच उपपत्तीच्या आधारे केले जाते.

जन्म व कुटुंब

फ्रीडेल यांचा जन्म अल्सास प्रांतातील मुलूझ या औद्योगिक शहरात झाला. फ्रँको-प्रशियन युद्धानंतर १८७१ मध्ये अल्सास जर्मनीकडे गेला. त्या वेळी जॉर्ज पाच-सहा वर्षांचे होते. वडील शार्ल (१८३२–१८९९) मूळचे स्ट्रासबर्गचे. ते पॅरिसमधील एकोल दे मीन या खाण-अभियांत्रिकी संस्थेच्या खनिजसंग्रहाचे अभिरक्षक होते, तसेच सोरबोन येथे प्रथम खनिजशास्त्राचे आणि नंतर सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती मोठी असली, तरी खनिजांवरही त्यांनी भरीव काम केले होते. त्यामुळे खनिजे आणि स्फटिक यांची ओळख जॉर्ज यांना घरातच झाली.

फ्रीडेल घराण्यात विज्ञानाची परंपरा चार पिढ्या टिकली. जॉर्ज यांचे पुत्र एदमों (जन्म १८९५) खाण-अभियंता होते आणि द्रव स्फटिकांच्या अभ्यासात त्यांनी वडिलांना साथ दिली. एदमों यांचे पुत्र जाक फ्रीडेल (१९२१–२०१४) हे घनावस्था भौतिकीतील नामवंत शास्त्रज्ञ होते.

शिक्षण आणि सेंट-एतियन येथील कारकीर्द

फ्रीडेल यांचे उच्च शिक्षण पॅरिसमधील एकोल पोलितेक्निक व त्यानंतर एकोल दे मीन या संस्थांत झाले. एकोल दे मीनमध्ये त्यांना एर्नेस्त मालार (१८३३–१८९४) यांच्यासारखे गुरू लाभले. वरवर उच्च सममितीचे दिसणारे अनेक स्फटिक प्रत्यक्षात कमी सममितीच्या घटकांच्या जुळणीतून बनलेले असतात, या मताचा मालार यांनी हिरिरीने पुरस्कार केला होता. फ्रीडेल यांच्या पुढील कामाचे मूळ या शिकवणीत सापडते.

शासकीय खाण-अभियंता म्हणून काही काळ नोकरी केल्यानंतर १८९३ मध्ये ते सेंट-एतियन येथील खाण विद्यालयात प्राध्यापक झाले. सेंट-एतियन हे कोळशाच्या खाणींचे शहर होते आणि विद्यालयाचा मुख्य हेतू खाणींसाठी अभियंते तयार करणे हा होता. १९०७ मध्ये ते या विद्यालयाचे संचालक झाले. सुमारे पाव शतकाच्या या वास्तव्यात त्यांचे बहुतेक मूलभूत संशोधन झाले. अध्यापनासाठी तयार केलेल्या टिपणांतून त्यांचा स्फटिकशास्त्रावरील पहिला पाठ्यग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला.

झिओलाइट व इतर खनिजांवरील काम

फ्रीडेल यांच्या आरंभीच्या संशोधनात झिओलाइट या खनिजगटाला महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्रातील वाचकांना ही खनिजे अपरिचित नाहीत. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, चॅबाझाइट इत्यादी झिओलाइट खनिजांचे सुंदर स्फटिक वाढतात. पुणे, नाशिक व जळगाव या भागांतील नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते जवळून पाहता येतात.

झिओलाइट तापवले की त्यातील पाणी निघून जाते, पण स्फटिक ढासळत नाही. दमट हवेत ठेवल्यास तो पाणी पुन्हा शोषून घेतो. निर्जल केलेले झिओलाइट अल्कोहॉल, क्लोरोफॉर्म, बेंझीन यांसारखे अन्य द्रवही सामावून घेते, असे फ्रीडेल यांना १८९६ मध्ये आढळले. यावरून झिओलाइटची चौकट स्पंजासारखी सच्छिद्र आणि खुली असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सुमारे साडेतीन दशकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने झिओलाइटांच्या संरचना उलगडल्या, तेव्हा ही कल्पना खरी ठरली. रेणूंची चाळणी म्हणून झिओलाइटचा आज होणारा वापर याच गुणधर्मावर अवलंबून आहे.

१८९७ मध्ये त्यांनी कॅल्शियम, ॲल्युमिनियम व क्लोरीन असलेल्या एका जलयुक्त संयुगाचे वर्णन केले. दाब दिल्यावर या संयुगाच्या स्फटिकांत यमलन होते, हे त्यांच्या निबंधाचे मुख्य प्रतिपाद्य होते. पुढे हेच संयुग ‘फ्रीडेलचे लवण’ म्हणून सिमेंट-रसायनशास्त्रात परिचित झाले. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरते, तेव्हा त्याचा काही भाग या लवणाच्या रूपाने बांधला जातो. त्यामुळे किनारपट्टीवरील बांधकामांच्या टिकाऊपणाचा विचार करताना त्याचा उल्लेख येतो.

१९०७ मध्ये त्यांनी ब्राव्हे यांच्या नियमाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जालक-प्रतलांवर बिंदूंची घनता अधिक, ती प्रतले स्फटिकाचे पृष्ठ म्हणून अधिक वेळा व अधिक ठळकपणे दिसतात, असे हा नियम सांगतो. फ्रीडेल यांच्या मते हा निरीक्षणावर आधारलेला नियम होता आणि स्फटिकात जालक खरोखर अस्तित्वात असल्याचा तो पुरावाही होता. १९३७ मध्ये डोने व हार्कर यांनी या नियमात सुधारणा केली. त्यामुळे आज तो ब्राव्हे–फ्रीडेल–डोने–हार्कर या संयुक्त नावाने ओळखला जातो.

जुळ्या स्फटिकांचा सिद्धान्त

एकाच पदार्थाचे दोन किंवा अधिक स्फटिक विशिष्ट भौमितिक संबंध राखून एकत्र वाढले, तर त्यांना जुळा किंवा यमलित स्फटिक म्हणतात. एका घटकाला एखाद्या अक्षाभोवती फिरवून किंवा एखाद्या प्रतलात परावर्तित करून दुसऱ्या घटकाची स्थिती मिळते. या क्रियेला यमलनाचा नियम म्हणतात. अठराव्या शतकापासून अशा जोड्यांची वर्णने होत होती. रोमे द लील व आयुई यांनी त्यांची नोंद केली, तर ब्राव्हे व मालार यांनी त्यांची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न केला. मात्र सर्व प्रकारांना लागू पडेल असे एकच तत्त्व हाती आले नव्हते.

असे तत्त्व फ्रीडेल यांनी १९०४ मध्ये स्फटिक-समूहांवरील आपल्या प्रबंधात मांडले आणि १९२६ च्या ग्रंथात त्याला पूर्ण रूप दिले. दोन घटक जोडले गेले असतानाही त्यांच्यापैकी एकाचे जालक, किंवा त्या जालकातील बिंदूंचा ठरावीक अंश, सांध्यापलीकडे दुसऱ्या घटकात अचूकपणे अथवा जवळजवळ अचूकपणे चालू राहतो, असे ते तत्त्व आहे. घटकांतील अणुरचनेची दिशा बदलते, पण जालक, निदान त्याचा काही भाग, अखंड राहतो.

भिवंडीच्या यंत्रमागावर विणलेल्या चौकटीच्या कापडाचे उदाहरण घेतल्यास ही कल्पना स्पष्ट होते. कापडावर अगदी चौरस चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत एकाच दिशेला झुकलेले एक पान आहे, असे समजू. एकाच ताग्यातील दोन तुकडे घेऊन वरचा तुकडा काटकोनात फिरवला, तर चौकटींच्या रेषा तंतोतंत जुळतील, पण पानांच्या दिशा जुळणार नाहीत. चौकटींचे केवळ कोपरे पाहणाऱ्याला येथे दोन तुकडे आहेत हे कळणारसुद्धा नाही. या उपमेत चौकटींचे कोपरे म्हणजे जालक आणि पान म्हणजे अणूंची रचना होय. फ्रीडेल यांनी यमलनाचे चार प्रकार सांगितले. त्यांचा अर्थ या उदाहरणावरून लावता येतो.

१. मेरोहेड्री : जालकाची सममिती स्फटिकाच्या सममितीपेक्षा अधिक असते आणि दोन्ही घटकांची जालके संपूर्णपणे एकरूप होतात. चौरस चौकटींचे वरील उदाहरण या प्रकारचे आहे. क्वार्ट्‌झ (गारगोटी) या खनिजातील ‘दोफिने’ यमल हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

२. आभासी मेरोहेड्री : चौकट किंचित आयताकृती असेल, तर काटकोनात फिरवल्यावर रेषा जवळजवळ जुळतात, पण तंतोतंत नाही. स्टिल्बाइटचे स्फटिक खऱ्या सममितीपेक्षा अधिक सममित भासतात, याचे कारण त्यांच्यातील यमलन हेच आहे.

३. जालकीय मेरोहेड्री : जालकातील सर्व बिंदू न जुळता त्यांचा ठरावीक अंशच जुळतो. चौरस चौकटीचा तुकडा सुमारे ३७ अंशांतून फिरवला, तर दर पाच कोपऱ्यांपैकी एक कोपरा नेमका जुळतो. स्पिनेल या खनिजाच्या आणि हिऱ्याच्या त्रिकोणी यमलांत दर तीन बिंदूंपैकी एक बिंदू जुळतो.

४. आभासी जालकीय मेरोहेड्री : ठरावीक अंशाचेच बिंदू जुळतात आणि तेही केवळ अंदाजे.

या वर्गीकरणाला फ्रीडेल यांनी दोन मापांची जोड दिली. दर किती बिंदूंमागे एक बिंदू जुळतो, ती संख्या म्हणजे यमलनाचा निर्देशांक. जुळणी अचूकतेपासून किती ढळली आहे हे दाखवणारा कोन म्हणजे तिर्यकता. निर्देशांक साधारणपणे सहापेक्षा मोठा नसेल आणि तिर्यकता सुमारे सहा अंशांच्या आत असेल, तर यमलन होण्याचा संभव अधिक असतो, असे त्यांना असंख्य खनिजांच्या पाहणीवरून आढळले. हा अनुभवजन्य निकष होता आणि त्याला अपवादही सापडले. आपली चौकट अपुरी पडते अशा उदाहरणांकडे फ्रीडेल यांनी दुर्लक्ष केले नाही. निधनाच्या वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी एका नव्या प्रकारच्या यमलांवर निबंध प्रसिद्ध केला.

फ्रीडेलचा नियम

१९१२ मध्ये म्युनिकमध्ये लाउए, फ्रीडरिख व क्निपिंग यांनी स्फटिकाकडून होणारे क्ष-किरणांचे विवर्तन दाखवले. त्यामुळे अणू जालकात मांडलेले असतात, याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. जालकाच्या वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या फ्रीडेल यांच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची होती. पण या नव्या साधनाच्या मर्यादाही त्यांच्या लगेच लक्षात आल्या. १९१३ च्या अखेरीस फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तान्तात त्यांनी केवळ चार पानांचा निबंध प्रसिद्ध केला. क्ष-किरण विवर्तन स्फटिकाच्या कोणत्या सममिती उघड करू शकते आणि कोणत्या करू शकत नाही, हा त्याचा विषय होता.

जालक-प्रतलांच्या एखाद्या संचाच्या एका बाजूने होणाऱ्या परावर्तनाची तीव्रता आणि त्याच प्रतलांच्या विरुद्ध बाजूने होणाऱ्या परावर्तनाची तीव्रता समान असते, असे त्यांनी दाखवले. त्यामुळे स्फटिकात सममिती-केंद्र नसले तरी विवर्तनचित्रात ते असल्याचा भास होतो. बाह्य सममितीनुसार स्फटिकांचे ३२ वर्ग होतात, पण विवर्तनचित्रे पाहून त्यांचे ११ गटच वेगळे ओळखता येतात. या ११ गटांना आज लाउए वर्ग म्हणतात.

स्फटिकातील एखाद्या अणूकडून क्ष-किरणांचे लक्षणीय शोषण होत असेल, तर हा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही. १९३० मध्ये कॉस्टर, क्नॉल व प्रिन्स यांनी झिंक ब्लेंडच्या स्फटिकावर हे दाखवले. या सूक्ष्म विचलनाचा उपयोग करून बेव्हूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका लवणातील रेणूची खरी उजवी-डावी ठेवण प्रथमच निश्चित केली. १९५६ मध्ये मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व एस. रामन यांनी याच परिणामावरून विवर्तित किरणांच्या कला काढण्याची रीत सुचवली. प्रथिनांच्या संरचना ठरवण्याच्या अनेक पद्धती आज या विचलनावर उभ्या आहेत. परस्परविरुद्ध परावर्तनांच्या जोडीला ‘फ्रीडेल जोडी’ असे म्हणतात. अशा रीतीने, नियम जेथे मोडतो तेथेही फ्रीडेल यांचे नाव कायम राहिले आहे.

द्रव्याच्या मध्यावस्था

काही सेंद्रिय पदार्थ वितळताना एकदम द्रवरूप होत नाहीत. मधल्या तापमानांच्या पट्ट्यात ते द्रवासारखे वाहतात, पण प्रकाशावर स्फटिकासारखा परिणाम करतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी अशा पदार्थांना ‘वाहते स्फटिक’ व ‘द्रव स्फटिक’ अशी नावे दिली होती. फ्रीडेल यांना ही नावे मान्य नव्हती. जालक हा स्फटिकाचा गाभा आहे आणि या पदार्थांत त्रिमितीय जालक नसल्यामुळे त्यांना स्फटिक म्हणणे अयोग्य आहे, असे त्यांचे मत होते. घन व द्रव यांच्यामध्ये असलेल्या त्या द्रव्याच्या स्वतंत्र अवस्था आहेत, असे ते मानत.

सेंट-एतियन येथे असताना फ्रांस्वा ग्रांजाँ यांच्यासमवेत त्यांनी १९१० मध्ये या पदार्थांतील शंकुच्छेदाकार रेषांची भूमिती अभ्यासली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्या रेषांवरून पदार्थातील रेणू समान जाडीच्या थरांत रचलेले असले पाहिजेत, हे अनुमान पुढे निघाले. १९२२ मध्ये त्यांनी ‘द्रव्याच्या मेसोमॉर्फिक अवस्था’ हा सुमारे २०० पृष्ठांचा प्रबंध प्रसिद्ध केला. ग्रीक भाषेतील ‘धागा’ या अर्थाच्या शब्दावरून नेमॅटिक आणि ‘साबण’ या अर्थाच्या शब्दावरून स्मेक्टिक ही नावे त्यांनी घडवली. कोलेस्टेरॉलच्या संयुगांत आढळणाऱ्या पिळदार रचनेला त्यांनी कोलेस्टेरिक म्हटले. स्मेक्टिक पदार्थांतील थरांना पुढे क्ष-किरण प्रयोगांनी दुजोरा मिळाला आणि त्या कामात एदमों यांचा वाटा होता.

फ्रीडेल यांचे वर्गीकरण सर्वमान्य झाले. मात्र ज्या नावाला त्यांचा विरोध होता, ते ‘द्रव स्फटिक’ हेच नाव रूढ झाले. घड्याळे, गणकयंत्रे व दूरचित्रवाणी संच यांच्या पडद्यांत वापरले जाणारे द्रव स्फटिक प्रामुख्याने नेमॅटिक प्रकारचे असतात.

स्ट्रासबर्ग आणि अखेरची वर्षे

पहिल्या महायुद्धानंतर अल्सास पुन्हा फ्रान्समध्ये आला आणि स्ट्रासबर्ग विद्यापीठाची फ्रेंच विद्यापीठ म्हणून नव्याने उभारणी झाली. १९१९ मध्ये फ्रीडेल तेथे रुजू झाले. बालपणी दुरावलेल्या प्रांतात आणि वडिलांच्या जन्मगावी ते पन्नाशी ओलांडल्यावर परतले. खनिजशास्त्राच्या अध्यापनाबरोबरच तेथे त्यांनी संशोधकांचा एक गट तयार केला. एका पदार्थाच्या स्फटिकावर दुसऱ्या पदार्थाचा स्फटिक ठरावीक दिशेने वाढतो, या घटनेचा अभ्यास त्यांच्या प्रभावाखाली लुई रुआये यांनी केला आणि १९२८ मध्ये तिला ‘एपिटॅक्सी’ हे नाव दिले. दोन जालकांची जुळणी हे यमलनाचे तत्त्व येथे भिन्न पदार्थांना लावलेले दिसते. अर्धवाहक उद्योगात आज ही संज्ञा नित्य वापरली जाते.

१९२६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्फटिकशास्त्रावरील व्याख्याने’ हा स्ट्रासबर्ग येथील अध्यापनावर आधारित ग्रंथ त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती मानला जातो. त्याचे पुनर्मुद्रण १९६४ मध्ये झाले. ११ डिसेंबर १९३३ रोजी स्ट्रासबर्ग येथे फ्रीडेल यांचे निधन झाले.

प्रथिन-स्फटिकांच्या अभ्यासातील महत्त्व

फ्रीडेल यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, जे. डी. बर्नाल व डोरोथी क्रोफूट (नंतरच्या डोरोथी हॉजकिन) यांनी पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकाचे स्पष्ट क्ष-किरण विवर्तनचित्र मिळवले. प्रथिन-स्फटिकशास्त्राचा आरंभ येथून मानला जातो. प्रथिनांवर फ्रीडेल यांनी स्वतः काम केले नाही. तरीही खनिजांसाठी मांडलेले त्यांचे वर्गीकरण प्रथिनांना जसेच्या तसे लागू पडते. कारण ते पदार्थाच्या रसायनावर अवलंबून नसून जालकाच्या भूमितीवर अवलंबून आहे.

प्रथिनांत एक बाब सोपी होते. सजीवांतील प्रथिने एकाच ठेवणीच्या, म्हणजे ‘डाव्या’ ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. म्हणून त्यांच्या स्फटिकांत परावर्तन किंवा केंद्र-सममिती असू शकत नाही आणि यमलनाची क्रिया केवळ भ्रमणाचीच असते. मेरोहेड्री प्रकारचे यमलन मुख्यत्वे त्रिकोणी, चतुष्कोणी, षट्कोणी व घनीय प्रणालींतील कमी सममितीच्या वर्गांत संभवते. आभासी मेरोहेड्री मात्र योगायोगाने उद्भवते. एकनत प्रणालीच्या स्फटिकातील कोन ९० अंशांच्या अगदी जवळ असला किंवा एकक कोशिकेच्या दोन बाजू जवळजवळ समान असल्या, तर ती संभवते.

अडचण अशी की, मेरोहेड्री यमलनात दोन्ही घटकांची परावर्तने एकाच ठिकाणी पडतात. स्फटिक बाहेरून निर्दोष दिसतो आणि विवर्तनचित्रातील ठिपकेही स्वच्छ असतात. मोजलेली प्रत्येक तीव्रता मात्र दोन वेगवेगळ्या परावर्तनांची बेरीज असते. त्या बेरजेतील दुय्यम घटकाच्या वाट्याला यमलनांश म्हणतात. हा अंश निम्म्याहून कमी असेल, तर एकमेकांशी संबंधित दोन मोजमापांवरून मूळ तीव्रता गणिताने वेगळ्या काढता येतात. अंश जसजसा निम्म्याच्या जवळ जातो, तसतशी या गणितातील चूक वाढत जाते. तो नेमका निम्मा झाला, की भाजक शून्य होतो आणि विभाजन अशक्य ठरते. त्याच वेळी विवर्तनचित्रात एक अधिकची, पण खोटी सममिती दिसू लागते. ती खरी मानून चुकीचा अवकाशगट निवडला, तर संरचना उलगडत नाही किंवा सदोष प्रतिकृती हाती येते.

निदानाची पहिली पायरी फ्रीडेल यांच्याच विचाराची आहे. जालकाची सममिती स्फटिकाच्या सममितीपेक्षा अधिक आहे काय, हे तपासले म्हणजे संभाव्य यमलन-नियमांची यादी मिळते. दुसरी पायरी संख्याशास्त्रीय आहे. दोन असंबद्ध परावर्तनांची बेरीज झाली, की अतिशय क्षीण आणि अतिशय प्रखर अशा दोन्ही तीव्रतांचे प्रमाण घटते. तीव्रतांच्या वर्गांच्या सरासरीला त्यांच्या सरासरीच्या वर्गाने भागले, तर सामान्य प्रथिन-स्फटिकासाठी उत्तर २.० च्या आसपास येते, तर पूर्ण यमलित स्फटिकासाठी ते १.५ च्या आसपास येते. पाडिया व यीट्स यांनी २००३ मध्ये सुचवलेल्या चाचणीत जवळजवळच्या परावर्तनांची तुलना केली जाते. त्यातील सरासरी मूल्य यमलन नसताना ०.५ आणि पूर्ण यमलनात ०.३७५ असते. एकक कोशिकेत रेणूंची जवळजवळ समांतर पुनरावृत्ती असेल, तर पहिली चाचणी फसू शकते. अशा वेळी ही दुसरी चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते.

संरचनेचे परिष्करण करताना तीव्रतांचे विभाजन टाळण्याकडे आता कल आहे. यमलन-नियम व यमलनांश प्रतिकृतीतच समाविष्ट करतात, प्रतिकृतीवरून दोन्ही घटकांच्या तीव्रता काढून त्यांची बेरीज करतात आणि ती मोजलेल्या तीव्रतेशी ताडून पाहतात. परिष्करणाबरोबर यमलनांशही सुधारत जातो. पडताळणीसाठी काही परावर्तने बाजूला ठेवण्याची प्रथा आहे. यमलनाने जोडलेली परावर्तने अशा वेळी एकाच संचात ठेवणे आवश्यक असते. त्यांतील एक परिष्करणात आणि दुसरे पडताळणीत गेले, तर पडताळणी स्वतंत्र राहत नाही. यमलित मापनांवर मोजमाप व प्रतिकृती यांतील तफावतीचा निर्देशांक स्वभावतःच कमी येतो. म्हणून केवळ तो आकडा चांगला दिसतो, एवढ्यावरून संरचना बरोबर असल्याचे मानता येत नाही. इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशातही प्रतिकृतीचा पूर्वग्रह अधिक प्रमाणात उतरतो, त्यामुळे शंकास्पद भाग प्रतिकृतीतून वगळून पुन्हा तपासावे लागतात.

जालकाचा काही अंशच जुळत असेल, तर बरीचशी परावर्तने वेगवेगळी पडतात. अशा वेळी दोन्ही जालके स्वतंत्रपणे ओळखून त्यांची मोजमापे घेता येतात. कोणत्या परिस्थितीत कोणती रीत वापरायची, हे अशा प्रकारे फ्रीडेल यांच्या वर्गीकरणावरूनच ठरते.

बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या पटल-प्रथिनाच्या इतिहासात फ्रीडेल यांचे दोन विषय एकत्र येतात. १९९६ मध्ये लांडाउ व रोझेनबुश यांनी या प्रथिनाचे स्फटिक मेदाच्या घनीय मध्यावस्थेत, म्हणजे द्रव-स्फटिकरूप माध्यमात वाढवले. ही घनीय अवस्था फ्रीडेल यांच्या तीन प्रकारांत नव्हती, पण ती मध्यावस्थांच्याच कुळातील आहे. अशा माध्यमात वाढलेल्या षट्कोणी स्फटिकांत मेरोहेड्री यमलन वारंवार आढळले आणि ते ओळखून हिशेबात घेतल्यानंतरच या प्रथिनाची संरचना बारकाईने परिष्कृत करता आली.

वारसा

फ्रीडेल हे आडनाव विज्ञानात अनेक ठिकाणी येत असल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होण्याचा संभव असतो. फ्रीडेल–क्राफ्ट्स विक्रिया (१८७७) वडील शार्ल यांची आहे. फ्रीडेलचा नियम, फ्रीडेल जोडी व फ्रीडेलचे लवण ही नावे जॉर्ज यांच्यावरून पडली आहेत. धातूंतील इलेक्ट्रॉनांच्या संदर्भात येणारी ‘फ्रीडेल आंदोलने’ नातू जाक यांच्या नावाने ओळखली जातात.

स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय कोष्टकांत व पाठ्यपुस्तकांत यमलनाचे विवेचन आजही मेरोहेड्री, आभासी मेरोहेड्री, निर्देशांक व तिर्यकता या फ्रीडेल यांनी रूढ केलेल्या संज्ञांनीच केले जाते. प्रथिनांच्या संरचना ठरवणाऱ्या संगणक-प्रणाल्या मोजमापांचे विश्लेषण करताना संभाव्य यमलन-नियमांची जी यादी देतात, ती जालकाच्या सममितीच्या त्याच तपासणीतून तयार होते.